दुसऱ्याने काढलेलं पंक्चर

पंक्चर काढायला मी शिकले ती रागापायी. हौस वगैरे काही नव्हती. चांदूर बाजारात मोटारथांब्याजवळ एक सायकलवाला होता. त्याच्याकडे पहिल्यांदा सायकल ढकलत नेली तेव्हा दुकानात चार माणसं बसली होती. मी जाऊन उभी राहिले तशी ती नऊ झाली. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि हातात लेडीज सायकल, असली बाई त्यांनी तोवर पाहिली नसावी. सायकलवाल्याने टायर उचकटायला लोखंडी पट्टी घालता घालता विचारलं, "साहेब कुठी असतात, मास्तरीनबाई?"

"अकोल्याला."

"मंग ते येत नाई का इकडं? बाईमानसानं सायकल लोटत आनाव, हे काई बरं नाई दिसत."

त्या एका पंक्चरमध्ये त्याने माझ्या सासरची निम्मी चौकशी उरकली. दुसऱ्या पंक्चरला उरलेली निम्मी शेजारच्या पानवाल्याने केली. तिसऱ्या वेळी मी कोणाच्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. सायकलवाला काय काय करतो ते डोळ्यांत तेल घालून पाहून घेतलं, त्याच्याकडूनच रबर चिकटवायच्या सोल्युशनची एक ट्यूब मागून घेतली आणि कानाला खडा लावला, की यापुढे माझ्या चाकाला कुठल्याही पुरुषाचा हात लागू द्यायचा नाही.

'अकोल्याला' हे उत्तर खोटं नव्हतं. नवरा अकोल्यालाच होता. लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सासरी पुढच्या खोलीत सासऱ्यांची वकिली चालायची आणि आत चुलीपाशी मी. चौदा महिने तिथे राहिले. भांडण नाही, मारझोड नाही. दिवाळीला मला अमरावतीला माहेरी पोचवलं आणि मग न्यायला कोणी आलं नाही, एवढंच घडलं. वडील रोज सकाळी पूजा आटोपली की ओसरीवर येऊन बसत, अकोल्याची गाडी येऊन जाईपर्यंत. दोन वर्षांनी कळलं की तिकडे दुसरं लग्न लागलं. तेव्हा ते कायद्याने चालत होतं.

वडील भिक्षुकी करायचे. अर्ध्या अमरावतीच्या पत्रिका त्यांनी जुळवल्या असतील. माझी तर तीन वेळा तपासून पाहिली होती, आणि ग्रह उत्तम आहेत म्हणून घरात पेढे वाटले होते. दुसऱ्या लग्नाची बातमी आली त्या दिवसापासून त्यांनी पत्रिका पाहणं सोडलं. कोणी घेऊन आलं तर म्हणायचे, "दुसऱ्या गुरुजींकडे जा, मला आता दिसत नाही." डोळे त्यांचे चांगले होते. आई मात्र दिवसभर डोळ्यांना पदर लावून बसायची, आणि मला तिचा संताप यायचा. मी नॉर्मल स्कूलला नाव घातलं, मास्तरकीची परीक्षा पास झाले आणि चांदूर बाजारपासून पाच मैलांवरच्या एका खेड्यात मुलींच्या शाळेवर लागले.

त्या खेड्यात एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार होईना, म्हणून चांदूरला खोली घेतली. सायकल अचलपूरच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंची. त्यांची बदली झाली, त्यांनी ती मला दिली. चालवायला मी अमरावतीलाच शिकले होते, धाकट्या भावाच्या सायकलवर, आई देवळात गेली की.

एकटेपणाचं लोक फार कौतुकाने लिहितात. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही सापडलं नाही. एकटीच्या भाजीला एक वांगं पुरतं आणि एक वांगं बाजारात कोणी विकत देत नाही. म्हणून सोमवारी आणलेली वांगी मी गुरुवारपर्यंत खायची. सुट्टी मला नकोशी वाटायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सोमवारी शाळा भरेपर्यंत माझं कोणाशी बोलणं होत नसे. सोमवारी हजेरी घेताना पहिली दोन नावं घशातून फुटायचीच नाहीत, खाकरावं लागायचं. मुलींना वाटायचं, बाईंना सर्दी झाली.

चांदूरहून तीन मैल पक्की सडक, मग फाटा, आणि फाट्यापासून दोन मैल पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंना शेतं आणि मधून बैलगाडीपुरती वाट. पावसाळ्यात पांदणीतली काळी माती मडगार्डमध्ये अशी ठासून बसायची की चाकच फिरत नसे. तेव्हा सायकल फाट्यावरच्या झोपडीत ठेवून मी चालत जायची. खरा त्रास कापूस वेचून झाल्यावर. कुंपणासाठी लोक बाभळी तोडत आणि त्या फांद्या गाडीमागे बांधून पांदणीतून फरफटत नेत. सगळ्या वाटेवर काटेच काटे. आठवड्यात दोन पंक्चर ठरलेली, कधी एका दिवसात दोन.

माझं पहिलं पंक्चर मी पांदणीतच काढलं, भर उन्हात, जवळजवळ दोन तास घालून. ट्यूब बाहेर काढली, भोक शोधलं, काचकागदाने घासलं, सोल्युशन लावलं, जुन्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा वर दाबला, टायर चढवलं, हवा भरली. दिमाखात निघाले, आणि फर्लांगभर गेले नाही तोच चाक पुन्हा बसलं. काटा ट्यूबमध्ये नव्हताच, तो टायरमध्ये रुतून बसला होता, आणि मी तो न काढता वरून नवी हवा भरली होती. त्या दिवशी मी रस्त्यावर बसून रडले. चाकासाठी कोणी इतकं रडत नाही हे मलाही कळत होतं. पण तेव्हापासून एक नियम केला: ट्यूब कितीही चांगली जोडली असो, टायर चढवण्याआधी आतून बोट फिरवायचं, पूर्ण वेढा, आणि मग आणखी एक वेढा. बोट रक्तबंबाळ झालं तरी चालेल, पण काटा हाताला लागला पाहिजे.

हळूहळू हात बसला. रस्त्यात पाणी नसायचं, तेव्हा ट्यूब बुडवून बुडबुडे बघायची सोय नव्हती. मग मी हवा भरलेली ट्यूब ओठांजवळ धरून थोडी थोडी सरकवत जायची. भोक आलं की ओठाला बारीकशी झुळूक लागायची. वारा असला तर पदर डोक्यावरून घेऊन त्याच्या आत हे करायचं. येणारे जाणारे गाडीवान बैल थांबवून बघत. कोणी हाक मारी, "काय झालं वो बाई? काढू लागू का?"

"नको भाऊ. होतंय."

भाऊ म्हटलं की आपल्याकडे माणूस पुढे सरकत नाही. मी ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला भाऊ म्हणायची आणि मिसरूड न फुटलेल्यालाही भाऊ म्हणायची.

तोही पहिल्यांदा भाऊच होता. फाट्यापलीकडच्या चार खेड्यांचा ग्रामसेवक, पातूरकडचा, शेतकरी घरातला. पस्तिशी गाठलेला असेल. बायको बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. हे मला त्याने पुष्कळ दिवसांनी सांगितलं, आणि तेही खताच्या खड्ड्याविषयी बोलता बोलता. खताच्या खड्ड्यांचा त्याला फार नाद. गावोगाव जाऊन लोकांना सांगायचं, शेण उकिरड्यावर टाकू नका, खड्डा करा. लोक हो हो म्हणत आणि उकिरड्यावर टाकत.

पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी फाट्यावर सायकल उलटी करून बसले होते. तो आपल्या सायकलवरून उतरला. मी तोंड उघडून 'नको भाऊ' म्हणायच्या तयारीत. पण त्याने काही विचारलंच नाही. पाच-सहा हात लांब, आपली सायकल धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या शाळेमागं जागा हाय मोकळी. पोरीच्या हातानं दोन खड्डे करून घेता का?"

मी काढत होते पंक्चर आणि तो सांगत होता खड्ड्याची लांबी-रुंदी. पंक्चर निघालं, तो सायकलवर बसला आणि गेला. मदत करू का म्हणून विचारलं नाही याचा मला थोडा रागही आला आणि बरंही वाटलं. शाळेमागे मी मुलींकडून दोन खड्डे करून घेतले, आणि मग हे भेटणं नेहमीचंच झालं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो फाट्यावर असायचा, तालुक्याला कागद द्यायला निघालेला. पंक्चर असलं तर तो लांब उभा राहून बोलायचा, नसलं तर सडकेखालून ओढा जायचा त्या मोरीच्या कठड्यावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. संत्र्याच्या दिवसांत पिशवीतून दोन संत्री काढून मधल्या जागेत ठेवायचा, हातात द्यायचा नाही. मी एक घ्यायची. सडकेवरून माणसं जातच होती. त्यांना काय दिसायचं असेल ते दिसो, मी कधी मान खाली घातली नाही. सोमवारी हजेरी घेताना माझा घसा पहिल्या नावापासून साफ असायचा, हे मात्र माझ्या ध्यानात यायला वर्ष गेलं.

एका शनिवारी मी काहीतरी सांगताना "अहो भाऊ" म्हटलं. त्याने संत्र्याची साल खाली ठेवली.

"मले भाऊ नका म्हनू."

मी पदराला हात पुसले.

"आमच्यात बाईचं दुसरं लगन होते, पाट लागते, काई अडचन नाई. तुमच्यात नाई लागत, म्हून मी कायदा पाह्यला. नव्या कायद्याआधी नवऱ्यानं दुसरी केली असन तं बाईले कोर्टातून काडीमोड भेटते. अमरावतीले वकिलाले इचारून आलो. तुमचं नाव नाई सांगतलं." मग म्हणाला, "तुमचे लोक बोलतीन, माहे बी बोलतीन. चार दिवस बोलतीन. तुमी इचार करा. घाई नाई."

मला धड बसताही येईना, उठताही येईना. "परीक्षा झाल्यावर सांगते," एवढं बोलले आणि सायकल घेऊन सुटले. चांदूर येईपर्यंत मी पायडल मारत होते की उडत होते ते मला माहीत नाही. आठ वर्षांत माझ्याविषयी कोणी कोणाला काही विचारायला गेलं नव्हतं, आणि हा माणूस माझ्यासाठी अमरावतीपर्यंत मोटारने जाऊन आला होता. आणि जाऊन आल्यावरही तीन आठवडे खड्ड्यांविषयीच बोलत राहिला होता.

होळीला अमरावतीला गेले तेव्हा वडिलांच्या कानावर घातलं. आईला सांगायचं धाडस झालं नाही. वडील समया घासत होते. जात ऐकली तेव्हा त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता समई भिंतीवर जाते.

"माणूस कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे."

"तू पाहिलंस?"

"वर्षभर पाहते आहे."

"मग मला कशाला विचारतेस? मी पाहिलं होतं त्याचं काय झालं?" आणि पुन्हा समई घासायला लागले. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगेन."

माझे वडील असं बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. आता फक्त फाट्यावर जाऊन हो म्हणायचं राहिलं होतं. परीक्षेपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. येत्या शनिवारी सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात टायर चाचपताना बाभळीचा काटा उजव्या आंगठ्यात मोडला. दोन दिवसांत आंगठा पिकून लिंबाएवढा झाला. हळद-तूप लावून मी चिंधी बांधली होती. शनिवारी शाळा सुटली, निघाले, आणि पांदणीच्या शेवटच्या वळणावर पुढचं चाक बसलं. सायकल ढकलत फाट्यावर आले. तो होताच. त्याने चाक पाहिलं, आंगठा पाहिला, आणि नेहमीसारखा लांब उभा राहिला.

मी सायकल उलटी केली, पंक्चरच्या सामानाची डबी उघडली. डाव्या हाताने पट्टी टायरखाली घालायला गेले तर ती निसटून नाकावर बसता बसता राहिली. पुन्हा घातली, पुन्हा निसटली.

"काढू का मी?" तो म्हणाला. एकदाच.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चाकाविषयीच विचारत होता, पण दोघांनाही कळत होतं की नुसतं चाकाविषयी नाही.

"काढा," मी म्हटलं.

मी कठड्यावर जाऊन बसले. माझी सायकल, माझी डबी, आणि काम दुसराच कोणी करतोय, असं मी पहिल्यांदा पाहत होते. बाह्या वर सरकवून तो उकिडवा बसला. कामात घाई नव्हती. ट्यूब काढली, हवा भरली, आणि पाण्याची बाटली त्याच्या पिशवीत असताना त्याने ती ट्यूब गालाजवळ धरून भोक शोधलं. माझ्याकडे पाहून पाहून शिकला होता. मी सडकेकडे पाहायला लागले, कारण माझा चेहरा काय करत होता ते मला कळत नव्हतं. मग पुन्हा तिकडे पाहिलं. त्याने घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर घालून वाळू दिलं, तुकडा दाबून धरला. टायरमधून बोट फिरवलं. काटा सापडला, तो दाताने ओढून थुंकला. पुन्हा एकदा बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण वेढा. टायर चढवलं, पंप मारला. सायकल सरळ केली आणि हँडल माझ्या दिशेने धरलं.

"घ्या. आता बोला. तुमाले काईतरी बोलाचं हाय, मघापासून दिसून राहिलं."

मी हँडल धरलं. शब्द तोंडात होता. आणि मी सायकल उलटी केली.

मी असं का केलं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी वालट्यूब सैल केली, सगळी हवा सोडली. एक पट्टी पायाखाली दाबून धरली आणि डाव्या हाताने टायर उचकटलं. मघाशी न जमलेलं काम आता जमलं. आंगठा ठणकत होता. मी टायरमध्ये डाव्या हाताचं बोट घातलं आणि फिरवत गेले. एक वेढा. आत काही नव्हतं. दुसरा वेढा. कुठे काही नव्हतं, सगळं साफ होतं. मी वर पाहिलं तेव्हा तो तिथेच उभा होता, मघाशी हँडल धरलेले हात तसेच अर्धवट पुढे.

"काई सापडलं?"

"नाही."

"मी दोनदा बोट फिरवलं होतं. तुमी पाहून राहिल्या होत्या."

"हो. पाहिलं मी."

"मंग पुन्हा काहून पाह्यलं?"

"सवय आहे," मी म्हटलं, आणि टायर बसवायला लागले. ते एका हाताने बसेना. या वेळी तो पुढे आला नाही. मीही बोलावलं नाही. मला इतकी लाज वाटत होती की लाजेचा मला रागच आला, आणि तो राग मी त्याच्यावर काढला. "तुम्ही कशाला थांबलात? कागद द्यायचे आहेत ना तालुक्याला?"

"देतो न," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "रागावसान, नाई म्हनसान, हे सगळं मी मनात धरलं होतं, बाई. हे नव्हतं धरलं." तो सायकलवर बसला. थोडं जाऊन पाय टेकला, मागे वळून पाहिलं. मी चाकात डोकं घालून बसले होते. तो गेला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो नोकरीसाठी राहायचा त्या गावी मी गेले. सहा-साडेसहा मैल. वाटेत एकही काटा लागला नाही. चावडीपुढे तो शेतकऱ्यांना उन्हाळी भाज्यांचं बियाणं वाटत होता, भोवती वीसेक माणसं. त्याने मला पाहिलं आणि उठून आला. सगळी माणसं आमच्याकडे पाहायला लागली. बाजूला चला, मला बोलायचं आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "शाळेच्या विहिरीत टाकायचं लाल औषध मिळेल का?" त्याने आतून आणून कागदात बांधून दिलं. किती टाकायचं ते सांगितलं. मी ती पुडी हँडलला अडकवून परत आले.

त्यानंतर तो शनिवारी फाट्यावर दिसला नाही. आधी मला वाटलं, कामात असेल. मग वाटलं, येईल. संध्याकाळपर्यंत कठड्यावर बसून राहण्याचा वेडेपणा मी दोनदा केला. चाक धडधाकट असताना सायकल उलटी करून बसायचा वेडेपणा एकदा.

नव्या वर्षाची शाळा भरून आठवडा झाला होता. मी वर्गात होते. दारात सावली पडली म्हणून पाहिलं तर तो. मुलींना गणित घालून मी पायऱ्यांपर्यंत आले. तो पायरी चढला नाही.

"बदली झाली," तो म्हणाला. "पातूरकडं, घराजवळ. भेटून जाव म्हटलं."

"बरं झालं. घराजवळ बरं."

"हो." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "तिकडं घरच्यायनं पोरगी पाह्यली. मी हो म्हटलं. पंधरा दिसानं हाय."

मी काहीतरी म्हटलं असेल. अभिनंदनच म्हटलं असेल.

"जाता जाता एक इचारतो. राग नका मानू. मनात राहून राहिलं ते." त्याने पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी फाट्यावर तुमी हो म्हननार होत्या का नाई? मले लय दिवस वाटते का तुमी हो म्हननार होत्या, अन् मीच निंघून आलो. तसं असन तं सांगा."

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर फार केला. तो बदलीचा कागद फाडून टाकणारा माणूस नव्हता. पण ठरलेलं लग्न मोडणारा मात्र होता, असं मला वाटतं. त्या पायरीशी उभं राहून हे सगळं काही माझ्या डोक्यात आलं नाही. त्या मुलीचं भलं, त्याचं भलं, असलं काही मी पाहिलं नाही. लोकांना सांगायला ते बरं आहे, मीही मनाशी बरीच वर्षं तसंच म्हणत होते. खरी गोष्ट ही की तो पंधरा दिवसांनी लग्न करणार होता, माझा जीव जळत होता, आणि याला आता काही द्यायचं नाही, असं मला वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "मी नाहीच म्हणणार होते."

त्याचा चेहरा मोकळा झाला. "बरं झालं सांगतलं," तो म्हणाला, आणि हसला, फाट्यावर हसायचा तसं. "जीव हलका झाला पाहा. मी उगाच झुरून राहिलो होतो."

मग त्याने दोन्ही हात जोडले, शाळेमागच्या खड्ड्यात या पावसाळ्यात पाणी साठू देऊ नका म्हणून सांगितलं, आणि गेला. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

मी वर्गात आले. मुलींची गणितं झाली होती, पाट्या वर धरून त्या माझी वाट पाहत होत्या. मी म्हटलं, पाट्या खाली ठेवा, पाढे म्हणा, एकोणतीसपर्यंत, सगळ्यांनी, मोठ्याने. त्या ओरडून ओरडून म्हणायला लागल्या. त्यांचे पाढे संपेपर्यंत मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.